शालीखालचं अर्थशास्त्र

व्याख्यान कसं भरवावं हे ज्याला शिकायचं असेल त्यानं सरळ माझ्याकडे यावं! ही बढाई नव्हे. बढाई न मारणं हा माझ्या अनेक सद्‌गुणांपैकी एक आहे. पण एका बाजारगावात, चार गावांतल्या माणसांसमोर, विद्यापीठाचे दोन-दोन प्रोफेसर एकाच मंचावर बसवून दाखवणारा मास्तर त्या काळी अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता. ते मंचावरून उतरले कसे, ही गोष्ट वेगळी. आणि तीच सांगायची आहे.

सन चव्वेचाळीस. मी जवळा बाजारच्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडाच्या भिंतीला टेकून बैलबाजार. बाजाराच्या दिवशी बैल आमच्या भिंतीला पाठ खाजवत आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली उड्या मारत. एकदा कुणाच्या तरी म्हशीनं आमच्या कुटुंबाचं, म्हणजे नर्मदाबाईचं, वाळत घातलेलं नवं लुगडं अर्धं खाल्लं. नर्मदाबाई भांडायला गेली, तर म्हशीचा मालक तिलाच म्हणाला, "बाई, म्हशीला बाधलं तर तुमच्यावर येईन हां!"

त्या दिवशी नर्मदाबाईनं निर्वाणीचं सांगितलं.

"हे बघा, एक तर हिंगोलीला बदली करून घ्या, न्हाई तर मी चालले माह्या भावाकडं. या गावात मी लुगडी म्हशींसाठी नेसून राहिले का?"

हिंगोली! तिथं आगगाडी होती, मोठी शाळा होती, आणि भिंतीपलीकडे शिंगं नसलेले शेजारी होते. बिऱ्हाड हलवायला लागणारे पैसेसुद्धा आम्ही पोटाला चिमटा घेऊन एका गाडग्यात साठवले होते. फक्त बदली हवी होती. ती होती शाळाखात्याच्या मोहतमीमसाहेबांच्या, म्हणजे मोठ्या तपासणीसाहेबांच्या हातात. साहेब पैशाला शिवत नसत, तुपाच्या डब्याकडे बघत नसत. त्यांना एकच व्यसन होतं. खेड्यापाड्यांत इल्म, म्हणजे विद्या, पसरली पाहिजे! कुठं चार माणसं व्याख्यान ऐकताना दिसली की साहेबांचे डोळे भरून येत.

मग काय! मी ठरवलं, ज्ञानसत्र भरवायचं. हैद्राबादच्या विद्यापीठातून एक अर्थशास्त्राचा प्रोफेसर आणायचा, एक तत्त्वज्ञानाचा. पोटाचाही प्रश्न सुटला, आत्म्याचाही. श्रोते कुठून आणायचे, ही चिंता शहरातल्या विद्वानांनी करावी. मी श्रोते होते तिथंच व्याख्यान नेलं. बाजाराचा दिवस, बैलबाजारातला लिंबाचा पार, वर सावली, खाली गर्दी!

परवानगी काढावी लागली. निजामाच्या राज्यात चार माणसांना एका झाडाखाली बसायचं तरी आधी सरकारला कळवावं लागे. 'बाजार आणि किंमत' हा विषय पोलीस अमीनसाहेबांनी लगेच मान्य केला. 'आत्म्याचे स्वातंत्र्य' म्हटल्यावर मात्र त्यांनी टोपी काढून खाली ठेवली.

"कोणाचं स्वातंत्र्य?"

"आत्म्याचं, साहेब."

"कुठला राहणारा आहे?"

शेवटी स्वातंत्र्य काढून नुसता आत्मा ठेवला, तेव्हा परवानगी मिळाली.

अध्यक्ष म्हणून उत्तमरावांना बोलावलं. कुरुंद्याचे मोठे जमीनदार. पंचक्रोशीत काहीही असो, शाळा असो की कुस्ती, अध्यक्ष उत्तमरावच. त्यांच्या अंगी दोन गुण होते. ते ताठ बसून झोपू शकत, आणि बाजारात तंटा झाला की त्यांचा शब्द शेवटचा असे. पहिल्या गुणासाठी मी त्यांना बोलावलं होतं.

दोन्ही प्रोफेसर वसमतच्या ठेसनावर उतरून एकाच दमणीत बसून आले. तत्त्वज्ञानाचे बिलोलीकर, अंगानं भरलेले आणि डोळे अर्धे मिटलेले. अर्थशास्त्राचे आष्टीकर, कोट, टाय, आणि कायम कुणाला तरी दुरुस्त करायला निघालेली तर्जनी. दोघांची तोंडं दोन दिशांना. वाटेत जग खरं की खोटं यावरून बिनसलं होतं. दमणी हाकणारा ग्यानबा घाम पुसत खाली उतरला.

"काय ग्यानबा, बैल दमले का?"

"बैलं कशाचे दमतेत, मास्तर? मी दमलो! वाटभर दोघंबी मलाच इचारून राहिले, 'सांग, कुणाचं खरं?'"

मोहतमीमसाहेब आले. त्यांना मराठी यथातथाच समजे, पण व्याख्यान समजण्यासाठी भाषा लागते असं त्यांना वाटत नसे. पुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी गर्दीकडे नजर टाकली. "माशाल्ला! इतने लोग!" त्यातले निम्मे सावलीसाठी आले होते आणि निम्म्यांचे बैलच तिथं बांधलेले होते, हे मी सांगितलं नाही.

बिलोलीकरांनी सुरुवात केली. "बंधूंनो! हे जे दिसते ते सर्व भासमान आहे. समोर हा बैल दिसतो. पण तो खरोखर आहे काय?"

"हाय जी," ग्यानबा म्हणाला, "जरा मागं सरका, लाथ मारतो."

बिलोलीकर सरकले, पण सिद्धान्त सोडला नाही. ते बोलत राहिले, शेजारी गुरं हंबरत राहिली, आणि उत्तमराव अध्यक्षस्थानी शांत झोपले. अशा रीतीनं तत्त्वज्ञान सुखरूप पार पडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला हिंगोलीच्या आगगाडीची शिट्टी ऐकू यायला लागली!

मग आष्टीकर उठले. आता इथं एक रीत सांगणं भाग आहे. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात उपरण्याखाली धरतात. कुठलं बोट दाबलं, किती बोटं धरली, त्यावर आत भाव वर-खाली होतो, आणि बाहेर दोघंही आभाळाकडे बघत असतात. घेणाऱ्यानं मान डोलावली की सौदा पक्का, दावं त्याच्या हातात. चारचौघांत असा हात दिला की ब्रह्मदेवाच्या बापालाही तो परत घेता येत नाही. आष्टीकरांनी ही रीत सकाळीच येता येता पाहिली होती, आणि तेव्हापासून त्यांची तर्जनी शिवशिवत होती.

"अडाणीपणा!" ते गरजले. "शुद्ध अडाणीपणा! किंमत ही उघड असली पाहिजे! कापडाखाली कसली किंमत ठरते? कोण दाखवतो मला? कोण येतो वर?"

"मी येतो की जी," म्हणत थावरा उठला.

थावरा शेजारच्या तांड्यावरचा. त्याचा एक बैल होता, दिसायला असा देखणा की दृष्ट काढावी, पण औताला जुंपला की खाली बसायचा. चारा दाखवला की उठायचा, जू दाखवलं की बसायचा. सगळे त्याला नवाब म्हणत, कारण काम न करता खाणाऱ्याला आमच्या मुलखात दुसरं नावच माहीत नव्हतं. कितीतरी बाजार झाले, थावरा नवाबाला घेऊन यायचा आणि नवाबाला घेऊन परत जायचा. बघ्यांना बैल माहीत होता. फक्त एका माणसाला माहीत नव्हता, आणि तो माणूस मंचावरून हाक मारत होता!

मी हूं की चूं करायच्या आत थावरा पारावर चढला. आष्टीकरांनी सत्काराची शाल आपल्या खांद्यावरून ओढून दोघांच्या हातांवर टाकली.

"हं, दाखव! कसं करता?"

"कोन्त्या बैलाचं दाखवू?"

"कुठल्याही! हा समोरचा घे!" समोर नेमका नवाबच बांधलेला होता.

थावरानं आत बोट दाबलं. आष्टीकर म्हणाले, "म्हणजे असं?" आणि त्यांनीही दाबलं. थावराचे डोळे मोठे झाले. त्यानं अंमळ सैल धरून परत दाबलं. आष्टीकर जोरात म्हणाले, "अस्सं, अस्सं!" आणि शिकलेल्या माणसासारखा थावराचा अख्खा पंजा धरून गदागदा हलवला. वर समजलं हे दाखवायला मानही डोलावली. एकदा नाही, तीनदा!

मग जी आरोळी उठली! टोप्या उडाल्या, मुंडाशी उडाली. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थावरा धावत खाली गेला, नवाबाच्या कपाळाला गुलाल फासून त्याला पारावर चढवलं आणि दावं आष्टीकरांच्या हातात दिलं.

आष्टीकरांना वाटलं, हा सत्कारच आहे. त्यांनी दावं डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताची तर्जनी उगारून पुढचं व्याख्यान चालू केलं. पुरवठा सांगितला, मागणी सांगितली. मागणी सांगताना नवाब त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या पाठीवर एक पाय ठेवला. अर्थशास्त्राचा एवढा दिमाख मी जन्मात पाहिला नव्हता. साहेब माझ्या कानात पुटपुटले, "वाह मास्टर! तकरीर के साथ जिंदा नमूना! हैद्राबाद में भी ऐसा नहीं देखा!"

व्याख्यान संपलं. आष्टीकरांनी दावं थावराकडे दिलं. थावरानं हात मागं घेतले.

"पैसे, जी?"

"कसले पैसे?"

"बैलाचे. तुमी घेतला न्हवं?"

"मी? मी कशाला बैल घेऊ? मी प्रोफेसर आहे!"

"मंग परफेसर काहून हात दिला? बाजारासमोर दिला. मान डोलावली. आन आता न्हाई म्हणून राहिले?" थावरा वळून ओरडला, "ऐकलं का रे! हात देऊन बदलले!"

आमच्या बाजारात यापेक्षा वाईट शिवी नाही. पार चहूबाजूंनी वेढला गेला. तांड्यावरचा पेमा पुढं झाला आणि त्यानं परत जायच्या वाटेवर आपली गाडी आडवी घातली. आष्टीकर ओरडत होते, "प्रात्यक्षिक! ते प्रात्यक्षिक होतं!" मी धावत अध्यक्षांकडे गेलो आणि त्यांना हलवलं. इथंच माझी चूक झाली, वाचकहो. झोपलेले उत्तमराव अध्यक्ष होते. जागे झालेले उत्तमराव बाजाराचे पंच होते!

"हात दिला का?" त्यांनी विचारलं.

"दिला," सगळा बाजार म्हणाला.

"कापडाखाली दिला का?"

"दिला!"

"मान डोलावली का?"

"तीन बार!"

"मंग बैल परफेसरचा. पानाचा डबा आना."

"अहो अध्यक्ष," आष्टीकर रडकुंडीला आले, "प्रात्यक्षिक आणि व्यवहार यांत काही फरक आहे की नाही?"

"परात्यक्षिक म्हंजे काय?"

"म्हणजे नुसतं करून पाहणं."

"असं?" उत्तमराव पान लावत म्हणाले. "तुमच्यात लगीनबी करून पाह्यतेत का?"

आता बिलोलीकर उठले. त्यांचे अर्धे मिटलेले डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले होते. "अध्यक्षमहाराज, वाटेत माझे विद्वान सहकारी मला सांगत होते की जग खरे आहे, बाजार तर फारच खरा आहे. त्या अर्थी हा बैलही खरा असावा. त्यांनी तो न्यावा."

"तुमच्या मते बैल नाहीच ना?" आष्टीकर किंचाळले. "मग तुम्हीच न्या!"

"नाही, तर नेऊ कसा?"

दोन विद्याशाखांमधली ही चर्चा कोट धरण्यापर्यंत आली. मधे नवाब बसलेला, म्हणून ती हातघाईवर आली नाही. खाली लोक समाधानानं ऐकत होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना व्याख्यान कळत होतं.

"बरं, पण भाव काय ठरला?" मी विचारलं.

"मास्तर!" उत्तमराव कडाडले. "भाव चारचौघांत इचारतेत का? रीत हाय का न्हाई?"

मग थावरानंच जाऊन आष्टीकरांच्या कानात भाव सांगितला. आष्टीकरांच्या चेहऱ्यावरचा रंग टायमध्ये उतरला.

"एवढा?"

"माहा काय दोष जी? मी कमीच सांगून राहिलो होतो. तुमीच वर वर दाबत गेले!"

इकडे मोहतमीमसाहेबांच्या कपाळावर आठी दिसायला लागली. "मास्टर, ये सवाल-जवाब लंबा क्यों चला?" साहेबांना कळलं की हैद्राबादच्या पाहुण्याला आपण बैल विकला, तर हिंगोली राहिली बाजूला, कुठं रानात शाळा असेल तिथं मला धाडतील! आणि नर्मदाबाई भावाकडे जाईल ती जाईलच. मी उत्तमरावांच्या पायाशी वाकलो.

"रावसाहेब, यातून सुटायची काही रीत?"

"हाय की. दुसऱ्या कोनी परफेसरला हात द्यावा, बैल त्याचा. सोपं हाय."

मी बिलोलीकरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुन्हा अर्धे मिटले. मी गर्दीकडे पाहिलं. नवाबाला ओळखणारी गर्दी जोडे बघायला लागली. मी साहेबांच्या आठीकडे पाहिलं. आणि मी, हिंगोलीची आगगाडी डोळ्यांसमोर आणून, शालीखाली हात घातला!

आता खरी गंमत ऐका. मला वाटलं, बुडणारा माणूस. काठी दिली की धरेल. मी एक बोट दाबलं. आष्टीकर आभाळाकडे बघायला लागले! ज्या रीतीला ते अडाणीपणा म्हणत होते, ती त्यांना विकणारे झाल्याबरोबर एका क्षणात आली. त्यांनी माझं दुसरं बोट दाबलं. मी नको म्हणून हात ओढला, त्यांनी तो सोडला नाही. शेवटी थावराला द्यायच्या भावाच्या वर स्वतःसाठी चांगलं घसघशीत काढून मगच त्यांनी मला मान डोलावू दिली. विद्यापीठात उगाच कुणाला प्रोफेसर करत नाहीत.

गाडगं फोडलं. नर्मदाबाईनं ते फुटल्याचा आवाज ऐकला आणि खापऱ्या वेचून माझ्यापुढं आणून ठेवल्या. पण जाताना मोहतमीमसाहेबांनी माझा हात हातात घेतला. शालीशिवाय. म्हणाले, "मास्टर, तुम को हम भूलेंगे नहीं. अगले बाजार को खुद आते. तुम्हारी बदली का कागज साथ लाते!"

मी नर्मदाबाईला म्हटलं, "बघितलंस? बैल गेला खड्ड्यात, हिंगोली तर मिळाली!"

तिनं पहिल्यांदाच हसून पाहिलं आणि भांडी पोत्यात भरायला घेतली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात मी नवाबाला हातानं चारा घातला.

पुढचा बाजार उजाडला. मी पहाटे दार उघडलं आणि उभाच राहिलो. लिंबाच्या पाराभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती! कुरुंद्याचे होते, डोंगरकड्याचे होते, तांडेच्या तांडे आले होते. सगळे मंचाकडे तोंड करून शांत बसले होते. आणि प्रत्येकाच्या हातात दावं. दाव्याला काय म्हणाल ते! लंगडे बैल, काणे बैल, मारके बैल, आटलेल्या म्हशी. डोंगरकड्याची धुरपताबाई दात पडलेली एक गाय घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

"मास्तर," तिनं विचारलं, "परफेसर कवा येऊन राहिले?"

"आज परफेसर नाहीत, बाई! घरी जा!"

"असं कसं? थावराला येक परफेसर दिला, आन आमाला काहून न्हाई? आमी काय सरकारचं वाईट केलं?"

"आमी बसतो जी," मागून आवाज आले. "सांजपस्तोर बसतो. कोन्ताबी परफेसर चालंल!"

तेवढ्यात मोहतमीमसाहेबांची दमणी आली. साहेब खाली उतरले आणि थबकले. समोर रिकामा मंच, आणि त्याच्यापुढं हजारो माणसं चिडीचूप!

"ये सब किस के लिए बैठे हैं, मास्टर?"

मी तोंड उघडणार, तो धुरपताबाई उठली. तिनं हात जोडले. "सायेब, आमाला परफेसर द्या!"

"परफेसर द्या! परफेसर द्या!" सगळा बाजार उठला.

साहेबांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "या अल्ला! इल्म की ऐसी प्यास!" त्यांनी खिशातून माझ्या बदलीचा कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चिंध्या केल्या.

"साहेब!" मी ओरडलो.

"नहीं मास्टर! हिंगोली को मास्टर बहुत हैं. वहाँ तकरीर को कुत्ता नहीं आता. तुम जैसा आदमी इन गरीबों से हम छीनते नहीं. पेन्शन तक तुम यहींच रहना! और हर महीने दो प्रोफेसर हम खुद भेजते!"

मला खांद्यावर घेतलं, वाचकहो. साऱ्या लंगड्या-काण्या जनावरांच्या मालकांनी मला खांद्यावर घेऊन पाराला फेऱ्या मारल्या. वरून मला आमचं मागचं दार दिसत होतं. दारात नर्मदाबाई भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी खाली उतरून तिच्यापुढं उभा राहिलो. मला रडायलाच येत होतं.

तिनं एकदा नवाबाकडे पाहिलं आणि विचारलं.

"आता कोन्ता परफेसर येणार?"

"इतिहासाचा," मी म्हटलं. "काहून?"

"त्याला शाल मी पांघरते," ती म्हणाली आणि नवाबाच्या शिंगांना तेल लावायला उठली.